कारीच्या शकावलीपासून खाणावळीच्या चोपडीपर्यंत

१९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात सुट्टी असते. ही तारीख आली कुठून? भोरजवळच्या कारी गावातल्या एका घरातून. तिथल्या जेधे देशमुखांच्या दप्तरात एक शकावली होती. कुठल्या शकात, कुठल्या तिथीला काय घडलं याची त्रोटक टिपणं, एवढंच तिचं स्वरूप. दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि टिळकांनी १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली. तोवर बखरींवर विसंबून शिवरायांचा जन्म १६२७ सालचा धरला जाई. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. पुढे कैक वर्षं वाद झाले, दुसऱ्या साधनांचा दुजोरा मिळत गेला, आणि आज शाळेतलं पोरही १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख घडाघडा सांगतं.

या हकिकतीत मला शकावलीइतकंच ते देणंघेणं मोलाचं वाटतं. एका घराने कागद पिढ्यानपिढ्या जपला, ज्याच्या हाती तो द्यावा असा माणूस त्या घराला भेटला, आणि तो छापून चारचौघांत तपासायला ठेवणारं एक मंडळ तेव्हा उभं होतं. आज आपल्या जिल्ह्यातालुक्यांतली इतिहास मंडळं आणि त्यांची लहान लहान वस्तुसंग्रहालयं पाहते तेव्हा मला या देण्याघेण्याचीच वाण दिसते. लोक तिथे व्याख्यान ऐकायला जातात, शाळेच्या सहलीबरोबर जातात. काही द्यायला जात नाहीत. आणि कोणी गेलंच, तर पिशवी तशीच घेऊन परत येतं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे.

माझी आत्या लालबागला खाणावळ चालवायची. एका खोलीत दोन्ही वेळची वीस-बावीस ताटं. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून पंगतीही तीन. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हिशेब चोख. लाल कापडी पुठ्ठ्याच्या उभ्या चोपड्या ती वापरायची. दर माणसाला एक पान. वर नाव, गाव, गिरणी आणि खातं: कोणी साचेखात्यातला, कोणी रंगखात्यातला. खाली महिन्याचे दिवस, किती खाडे, किती जमा, किती बाकी. समासात अधूनमधून बारीक अक्षरात एखादी ओळ: 'गावी गेला, भात लावणी', 'मुलगी झाली, पेढे दिले', 'ताप, फक्त पेज'. पान उलटलं की गाव बदलतं. कधी पाटण, कधी देवगड, कधी जुन्नर, कधी संगमेश्वर. मुंबईची गिरणगावं कोणत्या गावांच्या घामावर उभी होती याचा असा नकाशा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आत्या गेल्यावर तिच्या ट्रंकेत अशा चार चोपड्या सापडल्या. मी त्या घेऊन आमच्या भागातल्या एका इतिहाससंस्थेत गेले. तिथल्या गृहस्थांनी चहा दिला, पानं चाळली, अक्षराचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "ताई, हे घरगुती आहे. आमचा संग्रह १८१८ पर्यंतचा, म्हणजे पेशवाई बुडेपर्यंतचा. फार तर अठराशे सत्तावनपर्यंत." मी पिशवी उचलली आणि बसस्टँडवर येऊन बसले. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांनी संस्थेचा रिवाज सांगितला. माझं भांडण त्या रिवाजाशी आहे.

कारण हा रिवाज मंडळांच्या मूळ पुरुषांनी घालून दिलेला नाही. पुण्यात ७ जुलै १९१० रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हा पेशवाई बुडून ९२ वर्षं झाली होती. म्हणजे ज्यांच्या आज्यापणज्यांनी पेशवाई पाहिली अशी माणसं हयात होती. राजवाडे ज्या कागदांच्या मागे वणवण हिंडले, ते त्या काळच्या बहुतेकांच्या लेखी रद्दीच होते. माळ्यावर, कोनाड्यात, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला ठेवलेले. १८९८ साली निघालेला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड पाहा. १७५० ते १७६१ या वर्षांतली, पानिपताकडे नेणारी पत्रं त्यात आहेत. कारकुनांची, वकिलांची, सरदारांची कामकाजी पत्रं: पैसा नाही, दाणावैरण नाही, माणसं पाठवा. हिशेबाचे आणि गरजेचे कागद. राजवाड्यांनी त्याच खंडाच्या प्रस्तावनेत बखरींच्या चुका दाखवून दिल्या आणि या कोरड्या पत्रांना वरचं स्थान दिलं. माझ्या आत्याची चोपडी त्याच जातकुळीची आहे. आज गिरण्यांच्या संपालाही चाळीसहून अधिक वर्षं लोटली. ज्यांना तो आठवतो ती माणसं आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहेत. १९१० साली राजवाड्यांनी जी निकड ओळखली, तीच निकड आज आपल्यापुढे आहे. बदलले आहेत ते कागद आणि ती माणसं.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे होते. पेशाने शाळामास्तर. पटवर्धनांच्या दप्तरांतून त्यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला घेतला आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, ते काम सोडलं नाही. आपल्या गावात राहून, आपल्या गावच्या वाड्यांतले कागद वाचून एका मास्तराने सबंध उत्तर पेशवाई उजेडात आणली. स्थानिक इतिहास म्हणजे मोठ्या इतिहासाचं शेपूट असं ज्यांना वाटतं, त्यांनी खरेशास्त्र्यांचे खंड एकदा हातात घ्यावेत.

पुण्याच्या मंडळाच्या पाक्षिक सभाही मला फार महत्त्वाच्या वाटतात. पंधरा दिवसांनी जमायचं, कोणाला काय सापडलं ते मांडायचं, वाचायचं, त्यावर वाद घालायचा, मग ते टिपण छापायचं. आजच्या भाषेत ज्याला लोकसहभागाचा कार्यक्रम म्हणतात तो हाच. पंधरवड्याच्या पंधरवड्याला काहीतरी नवं सापडत होतं, कारण सभासद गावोगाव जाऊन लोकांची फडताळं उघडून घेत होते. ग. ह. खऱ्यांसारखी माणसं शिलालेख, नाणी, फारसी कागद असं जे मिळेल त्याच्यावर आयुष्यभर बसली. दत्तो वामन पोतदारांनी सभा गाजवल्या आणि संस्थाही चालवली. ही परंपरा ज्यांनी टिकवली त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. धुळ्यात राजवाड्यांच्या निधनानंतर दोन आठवड्यांच्या आत, ९ जानेवारी १९२७ रोजी, लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारलं आणि त्यांचे कागद जपले. त्या गावाने दाखवलेली ती तातडी मला आजही हलवून जाते.

मग अडलं कुठे? माझं उत्तर असं: मंडळांनी जमवलेलं सांभाळण्याचं काम मन लावून केलं, पण जमवणं थांबवलं. त्यामुळे कार्यक्रमही आटत गेले. वर्षाचं पत्रक काढून पाहा. एक व्याख्यानमाला, एक जयंती, एक पुण्यतिथी, शिवजयंतीला शाळेच्या पटांगणावर शस्त्रप्रदर्शन, दिवाळीच्या सुट्टीत नाण्यांचं प्रदर्शन. काचेच्या कपाटात तलवार आणि खाली चिठ्ठी: 'तलवार. १८ वे शतक.' पोरं येतात, दोन क्षण थांबतात, पुढे सरकतात. दोष पोरांचा नाही. ती तलवार कोणाच्या घरून आली, ती किती वर्षं कणगीच्या मागे लपवली होती, तिच्या पात्याला खाच कशाने पडली, दसऱ्याला तिची पूजा कोण करायचं, यातलं एक अक्षर त्या चिठ्ठीवर नाही. बहुतेकदा ती वस्तू संस्थेत आली त्या दिवशी हे सगळं ठाऊक होतं. देणाऱ्याला कोणी विचारलं नाही, किंवा विचारलं आणि लिहून ठेवलं नाही.

इथे दिनकर केळकरांची आठवण काढावीशी वाटते. पुण्याच्या या कवीने आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभारलं. त्यांनी अडकित्ते, दिवे, विळ्या, दौती, कुलपं, वज्र्या, करंडे असं घरगुती सामान आयुष्यभर जमवलं आणि शेवटी १९७५ साली तो सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. घरगुती म्हणून त्यांनी काहीही परत पाठवलं नाही. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी तर आपल्याच गावच्या शेतांतून, पांढरीतून म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांतून वर येणारी खापरं, मणी, मूर्ती गोळा केल्या. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं शहर. तिथे सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना आज पाँपेईत मिळालेल्या मूर्तीशी होते. गावातल्या एका माणसाने आपल्या मातीकडे टक लावून पाहिलं नसतं, तर त्यातलं किती उरलं असतं?

बाहेर गेलेल्या मोठ्या वस्तू आणायला माझा विरोध नाही. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा ती पाहायला मीही रांगेत उभी होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणली. चांगलं झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यातले ११ आपल्या राज्यातले. एवढ्या आनंदाच्या वर्षात एक साधा प्रश्न विचारायला हवा होता: एका तलवारीला जेवढे पैसे लागले, तेवढ्यात किती तालुक्यांच्या मंडळांना एकेक बरा स्कॅनर, एकेक लोखंडी कपाट आणि वर्षभरासाठी एकेक पगारी मुलगा किंवा मुलगी मिळाली असती? बाहेर गेलेलं परत आणताना आपण पोटतिडकीने बोलतो. रोज घरातून रद्दीवाल्याकडे जातं त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

माझ्या आजोळी मोडी कागदांचे दोन पेटारे होते. वाचता येणारे आजोबा वारले. पुढच्या पावसाळ्यात लाकडं ओली होती म्हणून ते कागद बंबात घालून अंघोळीचं पाणी तापवलं गेलं. ते चार महिने पुरले, असं मामी सांगते. तिला दोष कसा द्यायचा? त्या गावात येऊन हे कागद दाखवा हो, असं तिला कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

मोडीचं तर नुकतंच मोठं नवल घडलं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांतली, शाळांतली, गावकामगारांकडची जुनी दप्तरं एकाएकी उघडली. कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे दाखले. मोडी वाचणाऱ्यांना गावोगाव बोलावणी आली. आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचं नाही. मला दिसलं ते एवढंच, की ज्या कागदांना कोणी विचारत नव्हतं त्यांच्यासाठी हजारो घरांतली माणसं रांगा लावून उभी राहिली. पणजोबांचं नाव कागदावर पाहून डोळ्यांत पाणी आलेले लोक मी पाहिले. त्या वेळी प्रत्येक जिल्ह्यातल्या मंडळाने आपलं दार उघडून सांगायला हवं होतं: या, तुमचं गाव कुठलं ते सांगा, मोडीत तुमचं नाव कसं लिहितात ते दाखवतो, आणि घरात आणखी काही असेल तर तेही आणा. काही ठिकाणी हे झालंही. बहुतेक ठिकाणी झालं नाही, आणि अशी संधी रोज येत नसते.

जाणकारांचा यावर आक्षेप असतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, संशोधन ही शिस्त आहे, जत्रा नव्हे. लोकांच्या आठवणी चुकतात. घराण्यांच्या हकिकती फुगवलेल्या असतात. खोट्या सनदा, खोटे शिक्के असतात. गावात दोन भावकींचा वाद असला की दोघंही मंडळाला साक्षीला ओढतात. हे सगळं खरं आहे. पण यावरचा उपाय दार लावून घेणं हा असेल, तर तपासायचं कसं हे लोकांना कधीच कळणार नाही. राजवाड्यांनी बखरी टाकून दिल्या नाहीत. त्या पत्रांशी ताडून पाहिल्या. हे ताडून पाहणं लोकांसमोर व्हायला हवं. कागद कोणत्या बनावटीचा आहे, शुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरची अरबी कालगणना) आणि शक जुळतात का, वार आणि तिथी जमतात का, शिक्क्यातलं नाव त्या साली गादीवर होतं का, याचं एक प्रदर्शन मांडा. एक खरी सनद, एक बनावट, आणि मधे एक भिंग. मी खात्रीने सांगते, त्या टेबलाभोवती तलवारीपेक्षा जास्त गर्दी होईल. आज मोबाईलवर इतिहासाच्या नावाने जो खोटा मजकूर फिरतो, त्याला आळा घालण्याची दुसरी वाट मला दिसत नाही. लोकांना उपदेश करून ते होत नाही, त्यांच्या हातात भिंग द्यावं लागतं.

आठवणींचंही तसंच. पुण्यात १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. त्या सकाळी पाणी कुठवर आलं हे ज्याला त्याला आठवतं आणि प्रत्येकाचं पाणी वेगळ्या पायरीवर असतं. मग असं करा ना: ज्या पेठांत पाणी शिरलं, तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपापल्या दारात उभं करा, त्यांनी दाखवलेल्या उंचीवर दोरी बांधा, आणि एक दिवस सगळ्या पेठांतून त्या दोऱ्यांच्या खालून लोकांना चालू द्या. दोऱ्या एका पातळीत येणार नाहीत. का येत नाहीत याची चर्चा तिथेच, रस्त्यावर, सरकारी अहवाल हातात घेऊन करावी. साक्षी-पुरावा म्हणजे काय हे एवढ्या नीट कुठलंही पुस्तक शिकवणार नाही.

केप टाऊनमधल्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. १९६६ साली वर्णभेदी सरकारने ती वस्ती गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केली आणि साठ हजारांच्या आसपास माणसांना तिथून उठवलं. घरं पाडली. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत हे संग्रहालय सुरू झालं. त्यात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे, आणि उठवलेली माणसं येऊन त्यावर आपलं घर कुठे होतं ते स्वतःच्या हाताने लिहितात. लोकांनीच ते संग्रहालय भरलं.

मी मुळशीचा विचार करत राहिले. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या पुढाकाराने तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला, आणि तरी गावं पाण्याखाली गेली. पुढे कोयना झालं, उजनी झालं, जायकवाडी झालं. किती गावं गेली! त्या गावांची माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत राहतात. नाव जुन्याच गावाचं, माती दुसऱ्याची. त्यांच्या मंदिराची पायरी, पाणवठा, शाळेचं झाड, मसणवट कुठे होती हे सांगणारी पिढी जाते आहे. धरणग्रस्तांच्या एखाद्या वसाहतीच्या समाजमंदिरात जमिनीवर जुन्या गावाचा नकाशा रंगवायला किती खर्च येतो? मोजणी खात्याचा जुना गावनकाशा, चार डबे रंग, आणि आठवडाभर त्या म्हाताऱ्यांजवळ बसण्याची तयारी. हे काम जिल्ह्याच्या इतिहास मंडळाचं नसेल तर कोणाचं आहे?

आता कोणाचा इतिहास, हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या मंडळांचे संग्रह बहुतांशी वतनदारांच्या, सरदारांच्या, मठांच्या दप्तरांचे आहेत, कारण लिहिणं त्यांच्या हाती होतं. धुळ्याचं मंडळ ज्या १९२७ साली स्थापन झालं, त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली. ती कुठून आली होती? कोणत्या गावातून कोण निघालं, कोणत्या घराने भाकरी बांधून दिल्या, परतल्यावर गावाने त्यांना कसं वागवलं? हे जमवण्याची जबाबदारी रायगड, रत्नागिरी, पुणे या जिल्ह्यांतल्या मंडळांनी आपली मानली का? सत्यशोधक जलसे ज्या गावांत झाले, तिथे त्यांची हस्तपत्रकं, गाण्यांच्या वह्या कोणी मागितल्या? आणि बायकांचा इतिहास कागदावर नाहीच, असं जे सांगतात त्यांना हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांचं काम दाखवायला हवं. त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव आहे, गाव आहे. शिस्त सोडून काहीही झालं नाही. फक्त दप्तर म्हणजे कागदच, हा हट्ट त्यांनी सोडला.

लोक आणि संस्था यांच्यात अंतर पडलं की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. ५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला. पोथ्या फाडल्या, कपाटं फोडली. त्या कृत्याचं समर्थन कोणत्याही शब्दांनी होऊ शकत नाही आणि मी ते करणार नाही. पण त्या दिवसापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. त्या कपाटांत आपल्या आज्याची पोथी आहे, आपल्या गावची आहे, आपणच ती आणून दिली आहे, असं ज्याला वाटतं तो माणूस त्या जमावासमोर आडवा उभा राहिला असता. अशी माणसं शेकड्यांनी असायला हवी होती. कुलूप आणि पहारेकरी यांच्याहून ती भक्कम असतात.

लोक कागद देत नाहीत याचं एक कारण भीतीही आहे. दिलं की गेलं, ही भीती. साताऱ्याचे इतिहाससंशोधक पारसनीस यांनी जमवलेला अमोल संग्रह १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तो सुरक्षित राहिला, अभ्यासकांना मिळाला, हे खरं. साताऱ्याच्या मुलाला आपल्या गावचे कागद पाहायला पुण्याला जावं लागलं, हेही खरं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज आहे. कागद आणा, समोर बसा, आम्ही प्रत उतरवून घेतो, मूळ कागद तुमचा तुम्ही घरी न्या. सोबत तो कसा ठेवायचा हेही सांगू: प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, धुतलेल्या सुती रुमालात ठेवा, घडी मोडून सरळ करा, चिकटपट्टी लावू नका. दुसरी भीती सरकारची. जुनी वस्तू दाखवली की जप्त होते, असा गावोगाव समज आहे. १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची आणि पंचाहत्तर वर्षांहून जुन्या हस्तलिखितांची गणना पुरावस्तूंत करतो, त्यांतल्या ठराविक प्रकारांची नोंदणी मागतो. नोंदणी केली म्हणून मालकी जात नाही. जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर मात्र १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावंच लागतं. एवढं समजावून सांगणारा एक वकील महिन्यातून एकदा मंडळात बसला, तर किती पेटारे उघडतील!

पैसे नाहीत, माणसं नाहीत, हे कार्यकर्त्यांचं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. त्यात अतिशयोक्ती नाही. सभागृहाच्या भाड्यावर आणि वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेने छप्पर सांभाळायचं की नवे उद्योग करायचे? सरकारने या मंडळांना इमारतीसाठी एकदाच मोठी रक्कम देऊन फीत कापण्यापेक्षा दरवर्षी थोडा पण खात्रीचा पैसा द्यावा, आणि तो माणसाच्या पगारासाठी द्यावा. बाकीचं पुष्कळसं बिनपैशाचं आहे. गावच्या महाविद्यालयात इतिहासाची मुलं आहेत. त्यांच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी तीच ती पुस्तकं उतरवून काढली जातात. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका सत्तरीपुढच्या माणसाशी बोलून दहा पानं लिहावीत आणि ती मंडळात जमा करावीत. प्रदर्शनही मंडळाच्या इमारतीतच हवं असं नाही. एसटी स्टँडवर दिवसाला हजारो माणसं गाडीची वाट पाहत बसलेली असतात. आठवडी बाजारात एक तंबू टाका. जुने फोटो मोठे करून लावा, आणि खाली मोकळी जागा ठेवा: यातलं कोण तुमच्या ओळखीचं आहे? लिहा.

सोलापूरकरांना मला विशेष सांगायचं आहे. तुमच्या शहरात १९३० साली मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. पुतळे उभे राहिले, चौकाला नाव मिळालं. पण त्याच शहरात १८७७ च्या जुन्या मिलपासून पुढे शंभर वर्षं भोंग्यावर जागं होणारी घरं होती. बिडी वळणाऱ्या बायका होत्या, तेलुगू बोलणारे विणकर होते, कानडी-मराठी-उर्दू एकाच चाळीत नांदत होत्या. ती घरं अजून आहेत. पगाराची पाकिटं, संपाच्या पावत्या, हातमागाचे नमुने अजून कुठल्या तरी ट्रंकेत असतील. हुतात्म्यांचं शहर म्हणवून घेताना ते हुतात्मे ज्या घरांतून आले, त्या घरांचा जमाखर्चही ठेवा.

आत्याच्या चोपड्या सध्या माझ्याकडेच आहेत, सुती रुमालात, कडुनिंबाच्या पाल्यात. मी एकेक पानाचे फोटो काढले आणि गावांची यादी केली. त्यातल्या एका गावच्या वाचनालयाने त्यांच्या गावच्या तीन पानांच्या प्रती मागवून घेतल्या. दिवाळीत त्यांनी त्या भिंतीवर लावल्या, तेव्हा एक सत्तरीच्या बाई बराच वेळ एका पानासमोर उभ्या होत्या, असं ग्रंथपालांनी मला फोनवर सांगितलं. ते पान त्यांच्या यजमानांचं होतं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. त्या महिन्याच्या पुढे जमेचा रकाना कोरा आहे. फेब्रुवारी कोरा, मार्च कोरा, एप्रिल कोरा. शेजारच्या रकान्यात मात्र रोजच्या ताटाच्या खुणा तशाच आहेत, एकही खाडा नाही. समासात जूनमध्ये आत्याने लिहिलं आहे: 'गावी गेला. बाकी विचारली नाही.' त्या बाईंनी ग्रंथपालांना विचारलं, बाकी किती होती. ग्रंथपालांनी बेरीज करून आकडा सांगितला. पुढच्या आठवड्यात त्या परत आल्या त्या यजमानांचं गिरणीचं हजेरी कार्ड आणि कापडात बांधलेली एकोणीस पत्रं घेऊन.